नववं रीळ

कोयतेवाल्याच्या पिक्चरला खरं नाव काहीतरी लांबलचक हिंदी होतं. पोस्टरवर रक्ताचे ओघळ काढून ते लिहिलेलंही होतं, पण नाशकात ते कुणी वाचण्याच्या भानगडीत पडलं नाही. तिकिटाच्या खिडकीवर लोक सरळ म्हणायचे, "दोन कोयतेवाला द्या." गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. डोंगरातला बंगला, सुट्टीला आलेली सात माणसं, आणि डोक्यावर गोणपाट ओढून, हातात कोयता घेऊन त्यांना एकेक करून कापत जाणारा एक जण. का कापतो ते शेवटी सांगत, पण तोवर कुणाला त्यात रस उरलेला नसे. एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत हे पिक्चर कुमुद टॉकीजला लागलं आणि पुढे सहा वर्षं, नवीन काही मिळालं नाही की मॅनेजर हेच परत मागवायचा. शहाण्या माणसांनी नाकं मुरडली, वर्तमानपत्रात कुणीतरी पत्र लिहिलं, तरी ते दर खेपेला चाललं.

का चाललं, हे सुमनबाईला विचारायला हवं होतं. ती कुमुद टॉकीजमध्ये लेडीजच्या दारावर उभी असायची. लेडीज म्हणजे डाव्या अंगाला फळ्यांचं कुंपण घालून वेगळ्या केलेल्या आठ रांगा. तिकीट फाडायचं, बॅटरी मारून जागा दाखवायची, लहान मूल रडायला लागलं की आईसकट बाहेर आणायचं, हे तिचं काम. कोयतेवाला लागला की लेडीजमध्ये ज्या बायका येत, त्या कालही आलेल्या असत. त्यातली भिमाबाई तर जागाही बदलत नसे. हिरॉईन अंधाऱ्या खोलीकडे निघाली की आठही रांगांतून आरडाओरडा व्हायचा, "अगं बये, नको जाऊ तिकडं!" हिरॉईन जायची. "काल पण सांगितलं होतं हिला," भिमाबाई वैतागून म्हणायची आणि शेंगदाण्याची पुडी सोडायची. घरी सासू, नवरा, दीर कुणीच ज्या बाईचं ऐकत नाही, तिला तीन तास एका मूर्ख मुलीला जीव तोडून शहाणपण शिकवायला मिळत होतं. भीती वाटायची ती वाटायचीच, पण कधी वाटणार ते ठाऊक असल्यामुळे पदर तोंडावर घ्यायला सवड मिळायची.

सुमनबाईला ही नोकरी सहादूने लावून दिली होती. सहादू टॉकीजचा ऑपरेटर, म्हणजे वरच्या केबिनमध्ये बसून पिक्चर चालवणारा, आणि तिच्या नवऱ्याचा, वाळूचा, दोस्त. वाळू सातपूरला कारखान्यात कामाला होता. शहात्तर साली सकाळच्या पाळीला जाताना त्र्यंबक रोडवर ट्रकने त्याच्या सायकलला उडवलं. दवाखान्यातून त्याला आणलं ते पांढऱ्या कापडात शिवून. आईला तोंड दाखवू नका, असं कॉलनीतल्या जुन्या माणसांनी ठरवलं, आणि बुद्धवंदना म्हणून तसाच नेला. लेकरूबाळ नव्हतं. घरात मागे दोघीच राहिल्या, सुमनबाई आणि तिची सासू कुसाबाई.

कुसाबाई मूळची सिन्नरकडच्या खेड्यातली. उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकून न घेणारी, नळावर जिचं भांडं सरकवायची कुणाची छाती नसे अशी बाई. लेक गेल्यावर ती रडली नाही. नुसती गप्प झाली. अर्धी भाकरी खायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. असं अडीच वर्षं चाललं. डॉक्टरने टॉनिक दिलं, कॉलनीतल्या बायकांनी विहारात नेऊन बसवलं, शेवटी सगळे दमले. सुमनबाईला रोज कामावरून परतताना एकच धास्ती असायची, की आज दार उघडल्यावर ही उठेल ना? नवरा गेल्यानंतर तिचं म्हणावं असं जगात हे एकच माणूस राहिलं होतं, आणि ते हातातून निसटत चाललेलं तिला दिसत होतं.

कोयतेवाला लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सुमनबाई सासूला बाराच्या खेळाला घेऊन आली. पिक्चर दाखवावं असं काही तिच्या मनात नव्हतं. आदल्या रात्री म्हातारीला ताप होता आणि एकटीला घरी ठेवायचा धीर होईना. कुसाबाईने त्याआधी एकही पिक्चर पाहिलेलं नव्हतं. सुमनबाईने तिला शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसवलं आणि आपल्या कामाला लागली.

आता झालं होतं असं. पिक्चर एका रिळात येत नाही. याची चौदा रिळं होती, प्रत्येक वेगळ्या डब्यात, डब्यावर आकडा. रिळं मालेगावातल्या एका टॉकीजमधून एसटीने आली होती. तिथे भरताना कुणीतरी सहावं रीळ नवव्याच्या डब्यात घातलं होतं आणि नववं सहाव्याच्या. सहादू तसा कामाला चोख, पण तो पिक्चर कधी बघत नसे. प्रोजेक्टरच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या जळत असतात, त्या विझल्या तर पडदा काळा होतो. सहादूचे डोळे आठ तास त्या कांड्यांवर. डब्यावर सहा लिहिलंय ना, मग ते सहावं. त्याने लावून दिलं.

पिक्चरमध्ये हिरोचा धाकटा भाऊ होता. किडकिडीत, कुरळ्या केसांचा, पिवळा स्वेटर घातलेला. त्याला बाकी काही काम नव्हतं. तो आपला सारखा खायचा. पाव खा, केळं खा, दुसऱ्याच्या ताटातलं उचल. नवव्या रिळात तो काहीतरी खायला शोधत धान्याच्या कोठीकडे जातो आणि कोयतेवाला त्याला तिथे गाठतो. पण त्या दिवशी नववं सहाव्याच्या जागी लागलं. पोरगा मेला, आणि पुढच्याच रिळात स्वयंपाकघरातून पाव चावत बाहेर आला. ते धरून तीन रिळं तो मजेत होता. कॅरम खेळला, चहा प्याला, वहिनीची थट्टा केली. दहाव्या रिळापासून जो तो आपला जीव घेऊन पळत सुटतो, त्या गडबडीत त्याचं कुणी नावच काढत नाही.

तुम्ही म्हणाल, लोकांनी खुर्च्या तोडल्या असतील. काही नाही. हिंदी पिक्चरमध्ये मेलेलं माणूस नंतर येऊन चहा पितंच, त्याला फ्लॅशबॅक म्हणतात, एवढं आपल्या पब्लिकला कळतं. शुक्रवारचे चार आणि शनिवारचे दोन खेळ असेच झाले. सहाच्या खेळाला पिक्चर कंपनीचा माणूस आला तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. मॅनेजरने सहादूची सगळ्यांसमोर हजेरी घेतली, आणि रिळं जागेवर गेली.

पण बाराच्या खेळाहून घरी जाताना कुसाबाई रस्ताभर बोलत होती.

"कोयत्यानं मारला गं त्याला. रगत आलं. मी म्हणलं, गेलं पोरगं. आन् बघते तर पाव खातंय!" रविवार कारंजावर ती थांबली आणि हसली. "भुकेलं लय हे."

त्या रात्री तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या. वर ठेचा मागितला. सुमनबाईने तो वाटताना डोळ्यांना पदर लावला, आणि मिरचीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी नऊवारी नेसून तयार. "चल, त्या पोराचं पिक्चर बघू." रिळं सरळ झाली होती. आता तो मेला की मेला. सुमनबाईने सांगितलं, सगळी तिकिटं गेलीत. पुढल्या दिवशी सांगितलं, मशीन बिघडलंय. लेडीजच्या दारावर जी उभी असते तिच्याच सासूला तिकीट मिळू नये, हे कुणाला पटावं? पण कुसाबाईने वाद घातला नाही. ती परत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. तेव्हा मात्र सुमनबाई दुसऱ्या दिवशी जिना चढून केबिनमध्ये गेली.

"भाऊजी, बुधवारी बाराच्या खेळाला ती रिळं पुन्हा चुकवा."

अठरा वर्षांत सहादूची ही एकच चूक झाली होती, आणि चार लोकांसमोर त्याची लाज गेली होती. "वहिनी, तुम्हाला काही वाटतं का? मी मुद्दाम करू?"

"आत्याबाईंसाठी. त्यांना वाटतंय की पोरगा परत येतो."

सहादू कार्बनकडे बघत राहिला. वाळूला शिवून आणला तेव्हा चार खांद्यांतला एक खांदा त्याचा होता. तो म्हणाला, "बुधवारी मॅनेजर बाराला जेवायला घरी जातो. पण हे एकदाच."

एकदाच म्हणून सुरू झालेल्या गोष्टींचं जे होतं तेच झालं. कोयतेवाला वर्षातून एकदोनदा परत यायचा, रिक्षावर कर्णा लावून पोरं कॉलनीतून ओरडत जायची, आणि कुसाबाई विचारायची, "सुमन, बुधवार कधी?" बुधवारी बाराला सहादू सहावं आणि नववं रीळ अदलाबदल करून लावायचा आणि तीनच्या खेळाला पुन्हा जागेवर ठेवायचा. मॅनेजरला कधी पत्ता लागला नाही. भिमाबाईला लागला. ती बाकीचे दिवस सरळ बघायची आणि बुधवारी उलटं, आणि उलटं जास्त बरं आहे असं तिचं मत होतं, कारण त्यात ओरडायला लवकर मिळतं.

कुसाबाई शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसायची. शेंगदाणे आणायची. पोरगा मेला की गप्प व्हायची आणि परत आला की शेजारणीला कोपराने ढोसायची. सुमनबाई दारातून हे बघायची आणि तिला बरं वाटायचं. म्हातारी जेवत होती, नळावर भांडत होती, एकदा तर सिन्नरला जाऊन भावकीतल्या लग्नात आठ दिवस राहून आली. हे सगळं आपण एका खोट्यावर उभं केलंय, हे सुमनबाईला टोचायचं. पण खोटं पडलं तर काय होईल, याची भीती त्याहून मोठी होती.

पंच्याऐंशी साली पेठेत व्हिडिओची दुकानं निघाली, टॉकीज ओस पडायला लागलं, आणि मॅनेजरने कोयतेवाला पुन्हा मागवला. नेमकं त्याच आठवड्यात सहादूच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. इतकी वर्षं कार्बनकडे बघून डोळ्यांनी हिशेब चुकता केला होता. त्याच्या जागी मालेगावहून एक नवा ऑपरेटर आला. सुमनबाईला वाटलं, सहादू त्याला सांगून गेला असेल. सहादूला वाटलं, सुमनबाई सांगेल. बुधवारी बाराला पाच मिनिटं असताना ती केबिनमध्ये गेली तेव्हा त्या माणसाने पहिलं रीळ चढवलंही होतं.

"रिळं उलटी लावू?" तो हसला. "ताई, मला घरी बसवायचं ठरवलंय का तुम्ही?"

तिने सांगून पाहिलं. सासूचं सांगितलं, वाळूचं सांगितलं, सहादूची शपथ घातली. त्याला ते खोटंच वाटलं असणार. ऐकणाऱ्या कुणालाही वाटलं असतं. तो म्हणाला, "आकडा आहे तसं लागणार," आणि दिवे बंद करायची घंटा दिली.

सुमनबाई धावत खाली आली. "आत्याबाई, चला घरी. आज काही खरं नाही. आवाज नीट नाहीये म्हणे."

"नसू दे. मला समदं पाठ हाय," कुसाबाई म्हणाली आणि पुडी सोडली.

सहाव्या रिळाची वेळ आली. पडद्यावर कॅरम सुरू झाला. म्हणजे सरळच होतं. मध्यंतर झालं, सातवं गेलं, आठवं गेलं. सुमनबाईने दार सोडलं आणि ती सासूच्या खुर्चीशेजारी जमिनीवर उकिडवी बसली. नववं लागलं. पोरगा कोठीकडे निघाला तशी तिने मान खाली घातली. बायका किंचाळल्या. मग दहावं लागलं, अकरावं लागलं. पोरगा आला नाही. तो येणारच नव्हता. सुमनबाई म्हातारीच्या तोंडाकडे बघायला धजेना. शेवटी दिवे लागले तेव्हा तिने पाहिलं. कुसाबाई पुडीच्या कागदातलं मीठ बोटाने चाटत होती.

"आत्याबाई," सुमनबाई म्हणाली, "आज सहादू भाऊजी नव्हते. त्या नव्या माणसाने..."

"सरळ लावलं. कॅरम आधी आला तवाच कळलं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, मेलेलं माणूस येऊन पाव खातं व्हय? पहिल्या खेपेला फसले. दुसऱ्या खेपेला भिमाबाईनं समदं सांगितलं. मी काय येडी हाय?"

"मग मला बोलला का नाही? सहा वर्षं?"

कुसाबाईने कागदाची गोळी केली. "मला वाटलं, तुला बघवत नाय म्हणून तूच सहादूला उलटं लावाया सांगती. मी म्हणलं, पोरीचा जीव रमतोय, रमू दे. त्यो कोठीकडं निघाला का तू लगीच दाराबाहेर. येक डाव तरी बघितलंस का त्याला मरताना?"

सुमनबाईने आठवून पाहिलं. बघितलं नव्हतं. प्रत्येक वेळी बाहेर काही ना काही काम निघालेलं होतं. कुणाचं मूल रडलेलं, कुणाची चप्पल हरवलेली. आज तर ती जमिनीकडे बघत बसली होती. हे खोटं तिने सासूसाठी जपलं होतं, असं इतकी वर्षं ती स्वतःला सांगत आली होती, आणि म्हातारी तेच तिच्यासाठी जपत होती. तिला एकदम सासूचा राग आला, आणि तो तसाच रडण्यात गेला. लेडीजमधल्या बायका बाहेर पडता पडता बघत होत्या. बघू देत, म्हणाली ती मनात.

"मग तुम्ही येता तरी कशाला इथे?" तिने नाक पुसत विचारलं. "तो मरतो हे ठाऊक असताना?"

"मरतो मागनं. आधी निम्मं पिक्चर हाय की त्यो." कुसाबाई तिच्या हाताला धरून उठली. "मला पुढचं ठाऊक असतंय ना, म्हणून मी त्याच्यावरची नजर हलवत नाय. कसा चावतो, कसा हसतो, समदं बघते. बाकीच्या बाया त्या कोयतेवाल्याकडं बघत्यात. वाळू त्या दिशी डबा घेऊन निघाला, आई जातो म्हणला, आन् मी चुलीत फुंकत होते. वर बघितलं नाय. नंतर बघू दिलं नाय कुणी. तवा मला कुठं ठाऊक होतं? हितं ठाऊक असतं. आन् येवढं होऊन बी उद्या बाराला बघ, परत गाडीतनं उतरल त्यो, पयल्यासारखा."

त्या सकाळी सुमनबाई नळावर होती. पाणी जायची वेळ झाली होती आणि मागे चार बायका नंबर लावून उभ्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी वाळूने सायकलची घंटी वाजवली, तेव्हा तिने बादलीवरची नजर न काढता नुसता हात हलवला होता. त्याने वळून पाहिलं की नाही, हे तिला आजवर माहीत नव्हतं, आणि आता कळायचा काही मार्गही नव्हता.

गुरुवारी तिने लेडीजच्या दारावर भिमाबाईला उभं केलं. भिमाबाई कुरकुरली, पण बॅटरी हातात आल्यावर खूश झाली. सुमनबाई सासूशेजारच्या खुर्चीवर बसली. इतकी वर्षं त्या टॉकीजात काम करून ती खुर्चीला पहिल्यांदाच टेकत होती, आणि खुर्चीचा पत्रा पाठीला टोचतो हे तिला त्या दिवशी कळलं. दिवे गेले. बंगल्यासमोर गाडी थांबली आणि मागच्या दारातून पोरगा केळं सोलत उतरला.

"आला बघ," कुसाबाई म्हणाली.

तिने बघितलं. तो खाताना डावा गाल फुगवतो हे बघितलं. स्वेटरच्या बाहीला एक धागा लोंबतो, तो कॅरम खेळताना बोटाभोवती गुंडाळतो, हे बघितलं. वहिनीच्या ताटातली पोळी पळवल्यावर तो ज्या आवाजात हसतो, तो आवाज तिने नीट ऐकून घेतला. मध्यंतरात ती जागेवरून हलली नाही. नववं रीळ लागलं. बाहेर कुणाचंतरी मूल रडायला लागलं, तेही भिमाबाईवर सोडून ती बसून राहिली. आत जाण्याआधी पोरगा कोठीच्या दारात एकदा मागे वळून बघतो. सुमनबाई तेव्हा त्याच्याकडेच बघत होती.